आधी जागा बघून येतो

ता. २ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो. शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सांभाळून घ्या.

लेकीचा फोन आला होता. मुलांचे कागद झाले, जूनमध्ये दोघांना तिकडे परदेशात नेणार म्हणाली. आनंदच आहे. मुलं आईबापांजवळच हवीत. तुम्ही एकटीने दुकान सांभाळून दोघांना इतकी वर्षं वाढवलंत, तुम्हालाही सुटल्यासारखं होईल. की नाही होणार, कोण जाणे. मी मात्र फोन ठेवला आणि बोटांवर महिने मोजले. ती विमानाने जायची जागा, आणि मी सत्तरी ओलांडलेला माणूस. एकदा गेली की परत कधी येणार आणि तेव्हा मी असणार का, हे कुणी सांगावं? टिकलीला मी थोडाफार आठवत असेन. ढब्या तर दोन वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून चष्म्याची काडी मोडून गेला, तेवढीच आमची ओळख.

माझं मागणं एवढंच, की मे महिन्यात दोघांना आठ दिवस माझ्याकडे पाठवा. लेक म्हणाली, "बाबा, मुलं सासूबाईंकडे आहेत, त्या म्हणतील तसं." म्हणून हे पत्र.

शहरात मुलांना दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. प्राणिसंग्रहालय आहे. काचेच्या बोगद्यातून चालत मासे बघायची जागा आहे. एका बागेत लहान आगगाडी फिरते आणि बदकांचं तळं आहे. यंत्रांचं संग्रहालय आहे, तिथे म्हणे बटण दाबलं की सगळं हलतं. मी इतकी वर्षं इथे राहून यातलं काहीच बघितलेलं नाही. आमचं काम लोकांची घरं हलवण्याचं, शहर आम्हाला जिन्यांवरूनच ठाऊक.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला झेपेल का. तर ऐका. मुकादम होतो तेव्हा सामान उचलायच्या आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन जागा बघून यायचो. कपाट कुठल्या वळणावर उभं करायचं, कुठलं दार काढायचं, सगळं टेपने मोजून. आंधळेपणाने काही उचललं नाही, म्हणून माझ्या हातून कधी आरसा फुटला नाही. इथेही तसंच करीन. मुलं यायच्या आधी प्रत्येक जागा बघून येईन. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमचा व्याही

ता. ९ एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

मुलं म्हणजे कपाट नव्हे, हे आधी सांगते. कपाट ठेवाल तिथे राहतं.

तुमच्या लेकीने माझ्यावर सोपवलं हे तिचं मोठेपण, पण उद्या काही झालं तर दोघांच्या आईबापांना तोंड मला दाखवायचं आहे. म्हणून रागावू नका, विचारते ते नीट बघून कळवा. पाठवायचं की नाही ते मग ठरवीन.

ढब्या दिसेल त्या फटीत डोकं घालतो. गेल्या महिन्यात जिन्याच्या गजात अडकला होता, साबण लावून काढला. तेव्हा जिथे जिथे गज आणि कठडे असतील तिथल्या फटी मोजा. तळ्याला कठडा आहे का? घसरगुंडी किती उंच? शेवटी माती आहे की फरशी? टिकलीची तऱ्हा वेगळी. तिला घाणेरडं संडास चालत नाही, दिवसभर कळ दाबून बसते आणि मग पोट दुखतं. मुलींचं संडास स्वच्छ आहे का, दाराची कडी लागते का, ते तिथल्या झाडूवालीला विचारा. गर्दी कुठल्या वेळी असते? फाटकं किती? मूल हात सोडून पळालं तर कुठल्या फाटकातून रस्त्यावर जाईल? तिथल्या इतर मुलांकडे बघून या, ती एकटी खेळतात की आया जवळ असतात.

एकदा जाऊन भागणार नाही. सकाळची जागा वेगळी असते आणि संध्याकाळची वेगळी.

टिकली विचारते आहे, आजोबांकडे झोपायला खिडकी आहे का. म्हणजे काय ते तिलाच माहीत.

तुमची विहीण

ता. १८ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

टिकलीला सांगा, खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या घराची गच्ची आणि एक आळशी मांजर दिसतं.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, मला इतकं सुचलं नसतं. प्राणिसंग्रहालय नापास. वाघाच्या पिंजऱ्यासमोरचा कठडा मी मोजला, ढब्याचं डोकं आरामात जाईल. वाघ झोपलेला होता, पण त्याच्यावर किती विसंबायचं? माशांचा बोगदा पास. यंत्रांचं संग्रहालय पास, फक्त एक चाक फार जोरात फिरतं, तिथे मी मध्ये उभा राहीन.

सगळ्यात चांगली बदकांची बाग. रोज जातो आहे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घसरगुंडीखाली वाळू आहे, हात घालून बघितली, खडे नाहीत. तळ्याच्या गजांची फट ढब्याच्या मानाने लहान आहे, मी प्रत्येक गज मोजला, कारण मधलाच एखादा वाकलेला असतो. मुलींच्या संडासाची कडी लागते. झाडूवाली मला म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो, "माहिती हवी आहे." जरा तुसडी वाटली, पण फरशी स्वच्छ ठेवते.

फाटकं दोन. मागचं कायम उघडं असतं आणि तिथून रिक्षा लगेच मिळते. म्हणजे मूल तिकडे गेलं तर पत्ता लागणार नाही. हे मी पहारेकऱ्याला सांगितलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. आता तो मला ओळखायला लागला आहे. काल म्हणाला, "काय आजोबा, आज पण?" मी म्हणालो, "हो, मुलं येईपर्यंत येणार." ओळखीचा माणूस असला की बरं असतं.

आया जवळच बाकांवर बसतात. आधी गप्पा मारायच्या, आता मी बसलो की गप्प होतात. म्हाताऱ्या माणसाचा मान राखतात बिचाऱ्या. एक बाई बदकांचा फोटो काढत होत्या. मी मध्ये येतो आहे असं वाटून बाजूला सरकलो, तर त्यांचा फोनही सरकला. बदकं सरकली असावीत.

आता तरी हो म्हणा. रोज दुसऱ्यांची मुलं बघून घरी येतो आणि रिकाम्या खोलीला कुलूप उघडतो.

तुमचा व्याही

ता. २४ एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

वाघाला नापास करणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. टिकली पोट धरून हसली.

पाठवते. दहा मेला माझा कारागीर मालाच्या खरेदीला शहरात येणार आहे, तो मुलांना तुमच्या दारात सोडेल. मला यायला जमणार नाही. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची घाई आणि गुडघ्याने पुकारलेला असहकार.

एक काम आहे. तिकडे थंडी फार, असं सूनबाई म्हणते. ढब्याला बंद बूट आणि टिकलीला जाड कोट लागेल. आमच्या गावात असलं काही मिळत नाही. चपलेचं आणि कोटाचं माप कागदावर लिहून दुकानदाराला कळत नाही, हे मी जन्मभर बघते आहे. म्हणून ढब्याची एक चप्पल आणि टिकलीचा एक फ्रॉक कारागिराच्या भावाबरोबर पाठवते आहे, तो शहरात येतो आहे. बरोबर घेऊन फिरा, दुकान दिसलं की लावून बघा. दुसरी चप्पल माझ्याकडे ठेवली आहे. ही हरवू नका. ढब्याचा तिच्यावर फार जीव आहे, शोधत बसेल.

मी नकार देणार होते, हे आता सांगायला हरकत नाही. तुमचं पत्र वाचून मन बदललं.

तुमची विहीण

ता. ३ मे

विहीणबाईंना नमस्कार.

घाईने लिहितो. मुलांना पाठवू नका. माझी तब्येत बरी नाही. तशी काळजी करण्यासारखी नाही, पण मुलं आली तर माझ्याने होणार नाही. शिवाय बदकांची बाग दुरुस्तीसाठी बंद होणार असं ऐकलं आहे. इतरही बंद होतील.

चप्पल आणि फ्रॉक सध्या माझ्याजवळ नाहीत. मिळाले की पाठवतो.

मुलांना रागावू नका. त्यांना सांगा, आजोबांकडची खिडकी लागत नाही.

तुमचा व्याही

ता. ७ मे

व्याहीबुवा,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, कारण टिकलीने चार वेळा फोन लावला आणि तुम्ही उचलला नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मुलांच्या पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. टिकलीने मुकाट्याने आपली पिशवी उपसली, कपड्यांच्या घड्या परत कपाटात लावल्या. रडली असती तर बरं झालं असतं. ढब्या अजून पिशवीवर बसून आहे, उठायला तयार नाही.

मला वाटलं होतं, म्हातारपणी उत्साह येतो आणि वेळ आली की माणूस कच खातो, तसलं काही असेल. चिडले होते. तसंच चार खरमरीत ओळी लिहून मोकळी झाले असते.

पण काल एक गिऱ्हाईक गणवेश घ्यायला आली. तिची बहीण तुमच्या शहरात असते. म्हणाली, "मावशी, दिवस कसले आलेत बघा," आणि फोन पुढे केला. बदकांचं तळं, समोर बाक, बाकावर एक म्हातारा. मांडीवर पिशवी, हातात टेप. खाली लिहिलं होतं, हा माणूस रोज बागेत येऊन मुलांवर पाळत ठेवतो, मुलींच्या संडासाची चौकशी करतो, मागच्या फाटकाची टेहळणी करतो, पिशवीत लहान मुलांचे कपडे सापडले, आपापली मुलं जपा.

चेहरा पुसट होता. पण डोक्यावर चौकड्यांची टोपी होती. ती आमच्या शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाची आहे. तुमची लेक आणि माझा मुलगा यांच्या लग्नात तुम्हाला ऊन लागेल म्हणून मी शिवून दिली होती. तसली टोपी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असणं शक्य नाही.

मी गिऱ्हाइकाच्या गणवेशाची घडी घालायला घेतली. ढब्या मशीनखाली खेळत होता, त्याने मान वर करून फोटो बघितला. काय कळलं त्याला, देव जाणे.

काय झालं ते सगळं लिहा. एक अक्षर लपवलंत तर ही मुलं तुम्हाला पुन्हा दिसणार नाहीत.

विहीण

ता. ८ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र कुरियरवाल्याने हातात दिलं आणि तो सही मागत उभा राहिला. मी आधी पत्र फोडून वाचलं, सही मग केली.

लिहितो. बूट बघायला निघालो होतो. चप्पल आणि फ्रॉक पिशवीत, टेप पिशवीत, मुलांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या होत्या त्याही पिशवीत. वाटेत बाग लागली. म्हटलं, एवढी संध्याकाळची बघून जाऊ. बाकावर बसलो. चप्पल काढून टेपने मोजली, म्हणजे दुकानात घाई झाली तर माप तोंडावर असावं. तेवढ्यात पहारेकरी आला. त्याच्यामागे आणखी एक, आणि मग त्या सगळ्या आया.

"आजोबा, पिशवी दाखवा."

मी दाखवली. मला कसली भीती? मला वाटलं, चोरीबिरी झाली असेल. एका बाईने चप्पल बघितली आणि आपल्या मुलीला उचलून छातीशी धरलं. त्या मुलीला मी रोज बघत होतो, लाल रिबीनवाली. ती घसरगुंडीवरून पोटावर येते. मी मनात म्हणायचो, टिकलीला असं करू द्यायचं नाही. ती मुलगी माझ्याकडे बघून रडायला लागली. विहीणबाई, मूल मला बघून घाबरून रडलं.

मग चौकी. तिथल्या फौजदारबाई वयाने आपल्या मुलीएवढ्या. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली.

"हे काय?"

"चप्पल."

"कुणाची?"

"नातवाची."

"नातू कुठे आहे?"

"इथे नाही."

"मग चप्पल इथे कशी?"

"मापाला."

"आणि फ्रॉक?"

"तोही मापाला."

"आणि हा टेप?"

मी म्हणालो, "माप घ्यायला."

बाजूच्या हवालदाराने तोंड फिरवलं. फौजदारबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मुलं जिच्याकडे आहेत तिचा नंबर द्या, आत्ता विचारते. आणि इथे मी घाण केली. मी म्हणालो, नंबर पाठ नाही. तुमचा नंबर मला झोपेत विचारला तरी येतो. पण माझ्या डोळ्यांपुढे तुमचं दुकान आलं. पोलिसांचा फोन येणार, तुम्हाला अर्धं ऐकू येणार, आणि त्या अर्ध्यात तुम्ही जे समजायचं ते समजणार. मुलं हातची गेली असती. ती जाऊ नयेत म्हणून खोटं बोललो आणि फौजदारबाईंनी ते ओळखलं. त्या क्षणापासून त्यांचा आवाज बदलला.

मारलं नाही, कोंडलं नाही. जबाब लिहून घेतला. माझं नाव-पत्ता तपासायला हवालदार गल्लीत येऊन गेला. तेव्हापासून शेजारचे दार लोटून घेतात. पिशवी चौकीत आहे. फौजदारबाई म्हणाल्या, "ज्यांची ही मापं आहेत ती मुलं आणून दाखवा आणि पिशवी घेऊन जा. तोपर्यंत कुठल्या बागेच्या आसपास दिसू नका." फोटो बागेच्या तिकीट खिडकीवर चिकटवला आहे. मी लांबून बघितला.

आता तुम्हीच सांगा, मुलांना बोलावून काय करू? चौकी दाखवू? फाटकावर आजोबांचा फोटो दाखवू? कुणी मुलांच्या देखत माझी कॉलर धरली तर? ती जूनमध्ये जाणार, आणि माझी म्हणून तेवढीच आठवण बरोबर नेणार. त्यापेक्षा चष्म्याची काडी बरी.

चप्पल मिळेल तेव्हा पाठवीन. फोन उचलला नाही त्याची माफी असावी. टिकलीचा आवाज ऐकून मला खोटं बोलता आलं नसतं.

तुमचा व्याही

ता. १३ मे

व्याहीबुवा, नमस्कार.

फोटो बघितला तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही. पण आलं, हे खरं. दोन दिवस मशीनवर बसले आणि सरळ शिलाई वाकडी जात होती. मुलांना डोळ्यांआड होऊ देत नव्हते.

मग तुमचं पत्र आलं. मी जुनी पत्रं काढली आणि टिकलीकडून मोठ्याने वाचून घेतली. पहारेकरी मला ओळखायला लागला आहे. बायका मान राखून गप्प बसतात. बदकं सरकली असावीत. टिकली वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "आजी, आजोबांना कळलंच नाही गं." नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला आधी कळायला हवं होतं. मनात पाप असलेला माणूस आपली पावलं अशी पत्रातून कळवत बसत नाही.

आणि दुसरं. गज मोजा, कडी बघा, फाटकं बघा, दोन्ही वेळेला जा. हे कुणी लिहिलं होतं? तुमच्या पिशवीतली चप्पल कुणी पाठवली होती? फौजदारबाईंनी तुम्हाला बसवलं त्या खुर्चीवर अर्ध्या जागेत मी बसलेली होते, फक्त दिसत नव्हते.

कारागिराला थांबवून ठेवलं होतं. तो सोळा तारखेला मुलांना घेऊन निघतो आहे. तुमच्या दारात सोडेल आणि आपल्या कामाला जाईल. मी येत नाही. गुडघा आहेच, पण गुडघा नसता तरी आले नसते. मी आले तर लोक म्हणतील, बाई राखण करायला आली. मुलं तुमच्याच हाताला धरून चौकीत गेली पाहिजेत.

पहिल्याच दिवशी जा. लपून फिरायचं नाही, बाग चुकवायची नाही. मुलांना मी सांगितलं आहे, टिकलीला सगळं आणि ढब्याला अर्धं. फौजदारबाईंसाठी वेगळी चिठ्ठी टिकलीच्या फ्रॉकच्या खिशात शिवून दिली आहे. दुसरी चप्पल ढब्याच्या पिशवीत आहे.

मला भीती वाटत नाही असं नाही. पण पाठवते आहे.

तुमची विहीण

ता. २५ मे

विहीणबाईंना नमस्कार.

मुलं कारागिराबरोबर सुखरूप पोचली असतील. रोज रात्री टिकली फोनवर बोलायची ते "आम्ही मजेत आहोत" एवढंच, कारण ओरडून बोलायची तिला लाज वाटते. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी सकाळी चौकीत गेलो. टिकलीने माझा हात धरला होता. ढब्या धरेना. मला बघून तो कारागिराच्या मागे लपला होता आणि अजून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. चौकीच्या पायऱ्या मी एकेक पाय टेकवत चढलो. पियानो घेऊन चढलोय इतके जिने, कधी असं झालं नव्हतं.

फौजदारबाईंनी ढब्याला टेबलाजवळ बोलावलं.

"हे तुझे कोण?"

ढब्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, संपलं. हा म्हणणार, माहीत नाही.

तो म्हणाला, "फोटोतले."

"कुठल्या फोटोतले?"

"बदकांच्या."

फौजदारबाईंचा चेहरा असा झाला की मी खुर्चीचा हात धरला. टिकलीने दातांनी खिशाचा टाका तोडला आणि तुमची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली. तुम्ही काय लिहिलंत ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मग त्यांनी खणातून पिशवी काढून चप्पल टेबलावर ठेवली. ती दिसल्याबरोबर ढब्या ओरडला, "माझी आहे! तू का घेतलीस?" आणि आपल्या पिशवीतून दुसरी काढून तिच्याशेजारी आपटली. हवालदार हसला. या वेळी फौजदारबाईही हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, नंबर दिला असतात तर?" मी चपलांची जोडी ढब्याच्या पिशवीत भरली.

फोटो काढून टाकायला त्यांनी हवालदार बरोबर दिला. त्यामुळे रस्त्यावर आणखीच पंचाईत. पोलीस शेजारून चालतो आहे, माणसं थांबून बघताहेत. टिकलीने मान ताठ केली. ढब्याने मात्र हवालदाराचा हात धरला आणि मिरवत निघाला. फोटो फाडला, पण डिंकाने टोपीचा तुकडा काचेवरच राहिला. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, आधी बोलायचं ना." मी म्हणालो, "तू आधी विचारायचं होतंस."

आत गेलो तर सगळ्या आया तिथेच. त्यांना काय ठाऊक? त्यांना एवढंच दिसलं, की तो म्हातारा आला आणि आता त्याच्याबरोबर दोन मुलं आहेत. एकेकीने आपलं पोर जवळ घेतलं. लाल रिबीनवाली आईच्या मागे गेली. मी बाकावर बसलोच नाही, लांब झाडाखाली उभा राहिलो. टिकली म्हणाली, "आजोबा, आपण घरी जाऊया का?" माझ्या तोंडातून हो निघणार होतं.

तेवढ्यात ढब्याची किंकाळी. मी तळ्याचा एकेक गज मोजला होता. घसरगुंडी मोजली होती, झोपाळा मोजला होता. ज्या बाकावर रोज बसायचो त्याची पाठ मोजायची राहिली होती. तिच्या दोन पट्ट्यांमध्ये ढब्याने डोकं घातलं होतं.

मी धावलो. जवळ गेलो आणि हातच चालेनात. पोर लालबुंद, गुदमरल्यासारखं रडतंय, आणि मी नुसता "साबण, साबण" म्हणतो आहे. ओढायला गेलो असतो तर कान सोलला असता. तेवढ्यात फोटो काढणारी ती बाई, लाल रिबीनवालीची आई, पळत आली. पिशवीतून हाताला लावायचं क्रीम काढलं, ढब्याच्या कानांमागे चोपडलं आणि मला ओरडली, "मान धरा! वर नको, तिरकी!" मी धरली. तिने कान दुमडून एकेक करून आत सारला. डोकं सुटलं तसा ढब्या सरळ माझ्या गळ्यात पडला. जो आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता तो माझ्या सदऱ्यात क्रीम आणि शेंबूड पुसत "आजोबा, आजोबा" करत होता.

ती बाई हात पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"ही तुमची नातवंडं?"

"हो."

"चप्पल याची होती?"

"हो. बुटांच्या मापाला."

तिने फोन बाहेर काढला. मी आपोआप बाजूला सरकलो. ती म्हणाली, "सरकू नका. मुलांना जवळ घ्या." आणि फोटो काढला. माफी मागितली नाही. मलाही ती नको होती. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. मीही.

बाकी दिवस बरे गेले. माशांच्या बोगद्यात ढब्या सगळा वेळ जमिनीवरची फरशी बघत होता. यंत्रांच्या संग्रहालयात त्याला सगळ्यात आवडलेलं यंत्र म्हणजे माझा टेप, ओढायचा आणि सोडायचा. टिकलीला वाघ बघायचा होता. मी आधी जागा बघून येतो म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, या वेळी आपण बरोबरच बघू." गेलो. वाघ झोपलेलाच होता.

शेजारच्यांची दारं अजून अर्धीच उघडतात. असो.

बूट घेतले, कोट घेतला. ढब्याने बूट पायातून काढलेच नाहीत, घालूनच गेला. ती गेल्यावर खोली झाडली तर खिडकीच्या कट्ट्यावर त्याची एक चप्पल सापडली. दुसरी सगळीकडे शोधली, नाही. गडबडीत एकच पिशवीत गेली असणार. तो शोधत बसेल. कुणाबरोबर पाठवू ते कळवा. या वेळी पिशवीत घेऊन फिरणार नाही.

तुमचा व्याही

ता. ३१ मे

व्याहीबुवा, नमस्कार.

मुलं पोचली. टिकलीने सगळं सांगितलं, वाघासकट. ढब्या तुमच्याबद्दल विचारलं की हाताने टेप ओढून सोडल्याचा आवाज काढतो.

तो दुसरा फोटो इथेही आला. तीच गिऱ्हाईक घेऊन आली. खाली लिहिलं होतं, हे या मुलांचे आजोबा आहेत, आधीचा फोटो कुणाकडे असेल तर काढून टाका. ढब्याच्या कानाला पांढरं काहीतरी फासलेलं आहे आणि तुम्ही फोटोतही घाबरलेलेच दिसता. मी तो तिच्याकडून माझ्या फोनवर घेतला. टोपीची शिवण उसवली आहे, नवी शिवून पाठवते. तीच चौकडी.

पुढच्या मंगळवारी त्यांचं विमान. घर कसं असेल त्या दिवशी, याचा विचार करत नाही.

चप्पल पाठवू नका. ती विसरलेली नाही. निघताना खिडकीत ठेव म्हणून मीच टिकलीला सांगितलं होतं. बूट आल्यावर ती आता त्याला लागायची नाही. दुसरी इथे माझ्या मशीनच्या खणात आहे.

तुमची विहीण